जिराफासाठी भाड्याचं घर

चौथीच्या पोरांनी चित्रकलेच्या बाईंना नाव ठेवलं होतं कात्रीबाई. गळ्यात लाल नाडी आणि नाडीला कात्री, शेजारी कपाटाची किल्ली. बाई जिना चढायला लागल्या की दोन्हींची खुळखुळ आधी वर पोचायची आणि बाई मागाहून. दुसऱ्या कुणाची अशी वर्दी आली असती तर वर्ग चिडीचूप झाला असता. इथे उलटा कारभार. खुळखुळ ऐकली की गलका दुप्पट, बाकं सरकायची, पाण्याचे डबे भरायला धावाधाव, आणि बाई दारात येईपर्यंत निम्म्या पोरांच्या नाकाला रंग.

"अरे, मी अजून आत पाऊल नाही टाकलं आणि तुम्ही रंगलात कसे?"

"सराव चाललाय, बाई!"

बाई मुळात शिक्षिका नव्हत्याच. चित्रकलेची परीक्षा दिलेली होती खरी, पण पोटापाण्याला लागल्या त्या दुकानांच्या दर्शनी काचा सजवायच्या कामाला. कापडाचं दुकान, भांड्यांचं दुकान, बुटांचं दुकान, सगळीकडे बाईंचा हात फिरलेला. त्यातला बुटांच्या दुकानाचा किस्सा तर त्या गल्लीत अजून सांगतात. मालकाचं म्हणणं, आहेत नाहीत ते सगळे बूट काचेत मांडा. बाईंनी काय करावं? एकच बूट ठेवला, तोही रस्त्याकडे पाठ करून, नाडी सुटलेली. मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, दुसरा कुठाय?"

"आत आहे. लोकंही आत येतील."

आणि आली की! दुसरा बूट शोधायला म्हणून जो तो आत. मालक पुढे जन्मभर सांगत राहिला की कल्पना त्याचीच होती. बाईंनी कधी खोडून काढलं नाही. त्यांचं शास्त्र त्यांना सापडलं होतं: सगळं मांडलं की माणूस बघतो आणि जातो, थोडं झाकलं की थांबतो.

लग्नही काचेमुळेच जमलं म्हणायचं. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला एक सडपातळ तरुण रोज दुपारी बाईंच्या काचेसमोर येऊन डोळे फाडून उभा राहायचा. बाईंनी एकदा आतूनच खुणेनं विचारलं, काय बघताय? त्यानं खुणेनंच सांगितलं, चष्मा विसरलोय, काही दिसत नाही. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

शाळेत शिरकाव झाला तोही असाच. शाळेसमोरच्या खेळण्यांच्या दुकानाची काच बाईंकडे आली आणि शाळेची पोरं काचेला नाकं चिकटवून उशिरा पोचायला लागली. तेव्हाचे म्हातारे हेडमास्तर जाब विचारायला म्हणून रस्ता ओलांडून आले, काचेपुढे उभे राहिले आणि राहिलेच. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, पोरं माझ्यामुळे उशिरा येतात ना? मग मलाच आत घ्या, म्हणजे वेळेवर येतील." आता याला आगाऊपणा म्हणा नाहीतर आत्मविश्वास. हेडमास्तरांनी आत्मविश्वास म्हटलं आणि बाई शाळेत लागल्या.

ते हेडमास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत आल्या मोठ्या बाई. म्हणजे गणिताच्या करारी शिक्षिका, आणि म्हणजेच कात्रीबाईंच्या सख्ख्या थोरल्या नणंद. एकाच इमारतीत राहणं, त्या वरच्या मजल्यावर आणि हे दोघं खालच्या. घरी 'ताई' आणि शाळेत 'मॅडम', असा कात्रीबाईंच्या जिभेला दिवसातून दोनदा रूळ बदलावा लागे. चष्मेवाल्या नवऱ्याची अवस्था काय सांगावी! बायको आणि बहीण दोघी एकाच शाळेत, दोघींचे चहा एकाच टेबलावर. तो बिचारा चष्म्याची काच पुसत बसे. पुसून पुसून झिजली असती, पण दुकान स्वतःचं होतं.

तर एक दिवस मोठ्या बाईंनी कात्रीबाईंना ऑफिसात बोलावलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"चौथीचं गणित कच्चं आहे. बुधवारचे तुझे सलग दोन तास मला हवेत."

कात्रीबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. बाकी दिवस चित्रकलेला एकेकच तास. त्यात कागद वाटून, रंग कालवून, ब्रश कुणाचा हरवला हे भांडण मिटवून होईस्तोवर घंटा. खरं काम व्हायचं ते बुधवारी. बुधवार गेला म्हणजे चित्रकला राहिली नुसती वेळापत्रकात, उपाशी माणसाच्या भिंतीवर ताटाचं चित्र लावावं तशी.

"मॅडम, पोरं बुधवारी व्हिडिओ करणार आहेत. स्वतः. गोष्ट त्यांची, चित्रं त्यांची, फोटो काढणारेही तेच."

"व्हिडिओ!" मोठ्या बाईंनी डोक्याला हात लावला. "गेल्या वर्षी पालकसभेला केला होता ना आपण? समारंभांचं शूटिंग करणारा माणूस आणला. प्रत्येक पोराचा चेहरा घेतला. काय झालं? आपलं पोर पडद्यावर आलं की पालकांनी फोनवर टिपायचं आणि चालू पडायचं. शेवटच्या पोराच्या वेळी हॉलमध्ये मी आणि पंखा."

"म्हणूनच आमच्यात एकही चेहरा नसेल."

मोठ्या बाई हसल्या. गणिताच्या माणसाला समोरच्यानं आपणहून चूक केली की जसं हसू येतं तसं.

"ठरलं तर. या पालकसभेला दाखव. पालक शेवटपर्यंत बसले, तर बुधवार तुझा. उठून गेले, तर बुधवार गणिताचा. मग घरी येऊन रुसायचं नाही."

"मी कधी रुसते?"

"माझ्या भावाला विचार."

भावाला विचारलं गेलंच, जेवताना. त्यानं दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझा जुना फोन देतो. त्याचा कॅमेरा चांगला आहे." याहून शहाणं उत्तर त्या टेबलावर त्या दिवशी शक्य नव्हतं.

बुधवारी बाईंनी प्लास्टिकचं एक स्टूल उलटसुलट करून पाहिलं. त्या स्टुलांना बसायच्या जागी मधोमध भोक असतं, का असतं ते करणाऱ्याला ठाऊक. स्टूल टेबलावर उभं केलं, फोन वर आडवा ठेवला, कॅमेऱ्याचा डोळा बरोबर भोकावर. खाली टेबलावर कागद. झाला स्टुडिओ!

"आता बघा," बाई म्हणाल्या. "कागदाचं चित्र कापायचं. चिमूटभर सरकवायचं, हात बाहेर, फोटो. परत चिमूटभर, हात बाहेर, फोटो. सगळे फोटो भराभर दाखवले की चित्र चालायला लागतं. गोंद लावायचा नाही. गोंद लावला की चित्र मेलं."

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शंका म्हणत. तिचा हात वरच असायचा. "बाई, चालायला लागतं, पण कुठे चालतं?"

"ते तुम्ही ठरवायचं."

इथे जी काही खडाजंगी झाली ती विचारू नका. एकाला वाघ हवा, एकाला भूत, एकाला वाघाचं भूत. बातमी नावाचा एक पोरगा होता, घरचं शाळेत आणि शाळेतलं घरी सांगणारा, बसल्या जागी नखं कुरतडत असायचा. त्याचे वडील घरांचे दलाल, दिवसभर लोकांना भाड्याची घरं दाखवत हिंडायचे. तो म्हणाला, "आमच्या बाबांना काल एक इतका उंच माणूस भेटला, त्याला घरच मिळेना. प्रत्येक दारात डोकं आपटतं."

"मग जिराफाचं काय होत असेल!" शंका म्हणाली.

सगळे एकदम बोलायला लागले आणि बाईंनी ओळखलं, गोष्ट सापडली.

प्रत्येकानं एकेक घर कापलं. ज्याचं घर, तो घरमालक. लाल कौलांचं, निळ्या गच्चीचं, एकाचं तर चाकांवर, कारण त्याला घरातल्या घरात शाळेत यायचं होतं. मुंगी म्हणून एक इवलीशी पोरगी होती, तिनं सगळ्यांत मोठं घर कापलं आणि त्यात दार करायला विसरली. "ते श्रीमंतांचं आहे," ती म्हणाली, "त्यांना कुणी यायला नको असतं." मालकांची वाक्यं मात्र कुणाला शिकवावी लागली नाहीत. पोरांचे कान म्हणजे काय, घरात बोललेलं सगळं तिथे साठलेलं. शाळेच्या सतरंज्या ठेवायच्या खोलीत आवाज मऊ येतो, म्हणून फोन घेऊन तिथे बसले आणि एकेकानं आपापल्या मालकाचा आवाज भरला. बाई दाराशी तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या, हसू बाहेर फुटू नये म्हणून.

काम सरकत होतं गोगलगाईच्या पावलानं. जिराफाचे चारी पाय वेगळे कापलेले, चौघं पोरं चार पायांना. एकानं घाई केली की जिराफ लंगडायचा. पण पोरं तरबेज होत गेली. "हात बाहेर! फोटो! चिमूट! हात बाहेर!" अशी लय लागली की बाईंना बोलायला जागा उरत नसे. त्यांना ते फार आवडे.

सभेच्या आधीचा शेवटचा बुधवार उजाडला. सगळ्यांत मोठा देखावा त्या दिवशी घ्यायचा होता: जिराफ घरांच्या रांगेतून जातो आणि दारोदार नकार ऐकतो. आणि नेमकं तेव्हाच मोठ्या बाईंचं बोलावणं आलं. सभेसाठी हॉलमधले फलक लावायचे आहेत, चित्रकलेच्या बाई हव्यात, आत्ता.

कात्रीबाईंनी पोरांकडे पाहिलं. दुसरी एखादी घाबरली असती. बाईंनी किल्ली शंकाच्या गळ्यात घातली. "मी नसले म्हणून काम अडता कामा नये. एकच सांगते, घरं जागची हलू द्यायची नाहीत. घर हललं की सगळं गेलं."

"नाही हलणार, बाई!" सगळा वर्ग ओरडला.

आणि नाहीच हलली.

बाई फलक लावून परत आल्या तेव्हा वर्ग घामाघूम आणि खूश. "झालं, बाई! सगळं झालं!" बाईंनी फोन घेतला, फोटो भराभर चालवले. जिराफ चालत होता, काय ऐटीत चालत होता! पण प्रत्येक घराच्या छपरावर एक बोट. रांगेतल्या एकूण एक घरावर. स्टुलाच्या चारी बाजूंनी हात आत आलेले, आणि प्रत्येक घर आपापल्या मालकाच्या बोटाखाली गच्च दाबलेलं.

"ही बोटं?"

"खिडकी, बाई," बातमी म्हणाला. बाईंनी वळून पाहिलं. चेंडूनं फुटलेली खिडकीची काच अजून बसवली नव्हती आणि वारा सुसाट आत येत होता. पुठ्ठा लावावा तर उजेड जातो, गोंद लावावा तर बाईंची बंदी.

"घरं उडायला लागली," शंका म्हणाली. "तुम्ही म्हणालात हलू द्यायची नाहीत. मग प्रत्येकानं आपलं घर धरलं. हात बाहेर काढला की घर उडायचं, मग हात बाहेर काढलाच नाही."

रागवायचं तरी कुणावर? सांगितलं तस्सं केलं होतं पोरांनी, तसूभर कमी नाही. बाईंनी त्यांना शाबासकी दिली, सगळ्यांना हात धुवायला पाठवलं आणि मग एकट्या बाकावर बसून खाली मान घातली. थोडाच वेळ. तेवढ्यात मोठ्या बाई डोकावल्या, फोनवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण! अगं, एवढी मेहनत आणि हे?" त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हेही खरं सांगायला हवं. वाईटच वाटलं त्यांना. पण अट त्यांनी मागे घेतली नाही.

घरी आल्यावर बाईंनी बोटांचे फोटो काढून टाकून पाहिले. जिराफ पहिल्या घराजवळून जो उडाला तो पिसवेसारखा शेवटच्या घरापलीकडे. परत सगळे फोटो जागच्या जागी ठेवले. नवरा म्हणाला, "दुसरा चष्मा लावून बघ." म्हणजे वेगळ्या नजरेनं बघ, असं त्याला म्हणायचं होतं की खरंच चष्मा, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली जुनी दुकानातली युक्ती काढली. काच सजवून झाली की त्या नेहमी रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहायच्या आणि काचेकडे नाही, माणसांच्या पायांकडे बघायच्या. पाय थांबले की काच जमली. शाळेच्या फीच्या खिडकीशेजारी त्यांनी फोन टेकवून ठेवला, जिराफ चालू केला आणि लांब खांबाआड उभ्या राहिल्या. आधी शाळेच्या बसचा चालक गेला, थांबला नाही. मग शाळेचा कारकून कागदांचा गठ्ठा घेऊन आला. गेला, दोन पावलं मागे आला, वाकला आणि गठ्ठा काखेत मारून शेवटपर्यंत बघत राहिला. मग इकडेतिकडे पाहून ओरडला, "अहो, ही बोटं कुणाची आहेत?"

बाई खांबाआडून बाहेर आल्या. ज्यानं विचारलं, तो थांबला. दुसरा बूट आत होता!

त्यांनी वर्ग गोळा केला. "बोटं राहतील. पण मग ती तिथे काय करताहेत ते बघणाऱ्याला कळायला हवं. शेवट अजून घ्यायचा आहे आपला. बोला."

शंकाचा हात वर. "बाई, जिराफाला घर मिळत नाही ते छपरामुळे ना? मग त्या बोटांनीच छप्पर उचललं तर?"

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. ज्याचं त्यानं."

त्या दिवशीचा चित्रकलेचा एक तास आणि मधली सुट्टी, इतक्यात शेवट घेतला. बाई खिडकीच्या भोकापुढे स्वतः पाठ करून उभ्या राहिल्या, वाऱ्याला आडव्या. मुंगीनं आपल्या घराला ऐन वेळी दार कापलं.

पालकसभेला हॉल भरला. चष्मेवाला नवरा पडद्याशी, जोडणी बघायला. मोठ्या बाईंनी आपली खुर्ची मुद्दाम अशी ठेवली की पाठ पडद्याकडे आणि तोंड दाराकडे. कोण उठतं, कोण जातं, सगळं दिसलं पाहिजे. दिवे गेले आणि जिराफ चालायला लागला.

पालकांनी सवयीनं फोन वर धरले. मग कुजबुज सुरू झाली. "चेहरे कुठायत?" "आपला कधी येणार?" "हे काय, नुसती बोटंच?" फोन एकेक करून खाली आले. कात्रीबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यातच दलालाचा फोन वाजला. बातमीचे वडील हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठले आणि दाराकडे निघाले. मोठ्या बाईंची मान त्यांच्याबरोबर वळली.

तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला: "घर आहे साहेब, एकदम हवेशीर. फक्त मान बाहेर ठेवावी लागेल."

दलाल जागच्या जागी थांबला. तो त्याचाच सूर होता, त्याच्या पोराच्या तोंडून.

"एकटेच आहात? नाही, मान बघता दोघांचं भाडं घ्यावं लागेल."

हॉलमध्ये पहिलं हसू फुटलं आणि पाठोपाठ बातमीची आई खुर्चीवरून अर्धी उठून म्हणाली, "अहो, ते बोट बघा, लाल घरावरचं! आपल्याचंच आहे. नखं खाऊन काय केलंय मेल्यानं!"

झालं, बांध फुटला म्हणायचा. "हा माझीचा अंगठा, डाग बघ भाजल्याचा!" "डाव्या हातानं धरलंय, म्हणजे आमचाच!" "आजी, तुमच्या नातीची बोटं अगदी तुमच्यावर गेली आहेत." लोक पुढे यायला लागले. मागच्यांना दिसेना म्हणून मागचे उभे राहिले, म्हणून त्यांच्या मागचे उभे राहिले. मग एक चौकोनी घर आलं आणि त्यातून सगळ्या पालकांच्या ओळखीचा एक करारी आवाज: "आधी चपला काढा. चारही काढा. मग प्रश्न विचारा. प्रश्न एकच." हॉल असा काही खदाखदा हसला की दाराकडे बघत बसलेल्या मोठ्या बाईंना वाटलं, कुणीतरी पाय घसरून पडलं. दलालाचा फोन परत वाजला. तो दारातूनच फोनमध्ये म्हणाला, "थांबा हो जरा, इथे एका जिराफाला घर बघतोय."

शेवटी बोटांनी छपरं उचलली, जिराफाची मान वर आली, आणि दिवे लागले तेव्हा टाळ्या थांबेनात.

मोठ्या बाई उठल्या. कात्रीबाईंजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अट काय होती? शेवटपर्यंत बसले तर. आता बघ तूच, एकतरी माणूस बसलेला आहे का?"

खरंच नव्हता. आख्खा हॉल उभा.

"बसले नाहीत, पण गेलं कोण ते सांगा ना, मॅडम."

"बसणं म्हणजे बसणं."

"ताई, उठले ते पुढे यायला उठले!" जिभेनं रूळ बदलला तो भर शाळेत.

दोघींचं पुढे काय झालं असतं कोण जाणे, पण पालक ओरडायला लागले, "परत लावा!" मोठ्या बाईंनी हात वर केला. हॉल गप्प. "परत लावते. आधी सगळे खाली बसा." सगळे बसले, दलालसुद्धा. मग मोठ्या बाईंनी आपली खुर्ची फिरवली आणि तोंड पडद्याकडे केलं. तेव्हा कुठे कात्रीबाईंच्या ध्यानात आलं, यांनी अजून काहीच पाहिलेलं नाही, गलक्यात ऐकलेलंही नाही! दारच राखत बसल्या होत्या. आणि चपला काढायला सांगणारी ती घरमालकीण आता येणार होती.

या वेळी लोक हसले, पण चोरून, मोठ्या बाईंच्या पाठीकडे बघत. पाठ ताठ. चार चपला निघाल्या, एक प्रश्न विचारला गेला, नकार मिळाला, जिराफ पुढे गेला. पाठ ताठच. दिवे लागले.

"ही चौकोनी घरातली बाई," मोठ्या बाईंनी विचारलं, "कुणी केली?"

मुंगी उठली, खुर्चीपेक्षा थोडीशीच उंच. "मी नाही. माझं दाराशिवायचं घर होतं." आणि बसली.

शंका उभी राहिली. "मी केली, मॅडम."

"त्या बाईंनी त्याला घर का नाही दिलं?"

"दिलं ना! शेवटी छप्पर सगळ्यांत आधी त्यांनीच उचललं. तुमचं लक्ष नव्हतं का? परत लावू?"

मोठ्या बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. गणितात याला काय म्हणतात ठाऊक नाही. त्या पडद्याशेजारी तार गुंडाळत बसलेल्या भावाकडे वळल्या. बायको त्याच्या शेजारीच उभी होती, हातभर अंतरावर.

"तुझ्या बायकोला सांग, बुधवार राहू दे तिच्याकडे. गणिताचे तास मी शनिवारच्या माझ्या भाषणातून काढते. तसंही ते ऐकायला कोण बसतं."

भावानं चष्मा सारखा केला. "अगं, ताई म्हणते, बुधवार तुझा."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, माझा नाही, पोरांचा."

"ताई, ती म्हणते..."

"मी बहिरी नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि आता खुर्च्या उचलायला पालकांपैकी कोण कोण थांबतंय ते बघायला दाराकडे गेल्या.